झोंबीपट

झोंबीपट : मृत्यूनंतरही हालचाल करणाऱ्या, वाचा व विचारशक्ती गमावलेल्या आणि दंशाने इतरांना आपल्यासारखे करणाऱ्या मानवी देहांच्या झुंडींवर आधारलेला भयपटाचा एक प्रकार. ‘झोंबी’ ही संज्ञा हैती देशातील लोकसमजुतींतून आली. मांत्रिकाने मृतास उठवून त्याला गुलामाप्रमाणे राबविणे ही मूळ कल्पना असून, ऊसमळ्यांवरील गुलामगिरीचा अनुभव तीमागे दिसतो. मराठीत झटापट या अर्थी रूढ असलेल्या ‘झोंबी’ या शब्दाशी तिचा व्युत्पत्तिदृष्ट्या संबंध नाही. भारतीय परंपरेतील वेताळही प्रेतात संचार करतो. परंतु तो एकटा, बुद्धिमान व बोलका असून कूटप्रश्न विचारतो. झोंबी मात्र मुका असतो व समूहाने येतो. त्यामुळे अशा चित्रपटांत प्रश्न विचारला जातो तो वेढ्यात सापडलेल्या जिवंत माणसांच्या वर्तनातून.

व्हिक्टर हॅल्पेरिन याचा ‘व्हाइट झोंबी’ (१९३२) हा या प्रकारातील आरंभीचा चित्रपट. आजचे रूप मात्र जॉर्ज ए. रोमेरो (१९४०–२०१७) या अमेरिकन दिग्दर्शकाने घडविले. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) या त्याच्या चित्रपटात शेतावरील एका घरात, तर ‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८) मध्ये भव्य बाजारसंकुलात काही माणसे अडकतात. बंदिस्त जागा, बाहेर वाढत जाणारी झुंड व आत विकोपास जाणारा कलह, ही रचना पुढे रूढ झाली.

यॉन सांग-हो (१९७८–  ) या दक्षिण कोरियन दिग्दर्शकाच्या ‘ट्रेन टू बुसान’ (२०१६) या चित्रपटात या रचनेचा अत्यंत परिणामकारक उपयोग आढळतो. सोलहून बुसानकडे निघालेल्या वेगवान आगगाडीत संसर्ग शिरतो. गुंतवणूक-व्यवसायातील एक स्वार्थी पिता आपल्या लहान मुलीसाठी हळूहळू बदलत जातो. झुंडीतून वाचून आलेल्या सहप्रवाशांना दार उघडण्यास काही प्रवासी नकार देतात, तेव्हा भयाचे केंद्र झोंबींकडून माणसांकडे सरकते. सुमारे पाच कोटी लोकसंख्येच्या त्या देशात एक कोटीहून अधिक प्रेक्षकांनी तो चित्रपटगृहांत पाहिला.

याच दिग्दर्शकाचा ‘पेनिन्सुला’ (२०२०) हा त्याचा उत्तरभाग होय. यातील कथा चार वर्षांनंतरची असून पात्रे नवीन आहेत. संपूर्ण कोरिया उद्ध्वस्त झाला आहे व हाँगकाँगमध्ये निर्वासित म्हणून तुच्छतेने जगणारा एक माजी सैनिक, दोन कोटी डॉलर असलेला मालट्रक आणण्यासाठी परत पाठविला जातो. पलायनाच्या वेळी रस्त्यावर मदत मागणाऱ्या एका कुटुंबास त्याने नाकारलेले असते. त्याच कुटुंबातील स्त्री व मुली त्याला पुढे वाचवितात. दार न उघडण्याच्या अपराधाचे हे पुढचे पाऊल विचारपूर्वक योजलेले आहे. कैद्यांना झोंबींपुढे सोडून पैजा लावणाऱ्या सैनिकांचे चित्रणही प्रभावी आहे. तथापि डब्याच्या जागी देश आल्याने वेढ्याचा ताण विरतो. संगणकनिर्मित मोटारींच्या पाठलागांत झोंबी केवळ अडथळे ठरतात आणि शेवटचा करुण प्रसंग लांबतो. महत्त्वाकांक्षा मोठी असूनही चित्रपट असमतोल राहिला.

भारतात राज निदिमोरू व कृष्णा डी. के. यांचा ‘गो गोवा गॉन’ (२०१३) हा विनोदी अंगाचा हिंदी झोंबीपट गोव्याच्या पार्श्वभूमीवर निघाला. मराठीतील पहिला झोंबीपट म्हणजे आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ (२०२२). अमेय वाघ, ललित प्रभाकर व वैदेही परशुरामी यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. ठाणे जिल्ह्यातील डोंबिवली हे मुंबईला लोहमार्गाने जोडलेले, मराठी मध्यमवर्गाचे उपनगर. तेथील उंच इमारत व तिला लागून असलेली झोपडवस्ती यांच्यातील दरी आणि पाण्याचे विषम वाटप यांवर कथा उभी आहे. भय व विनोद यांचा मेळ त्यात सर्वत्र साधलेला नाही. परंतु झोंबींच्या आगमनापूर्वीच त्या दोन वस्त्यांमध्ये भिंत होती, ही जाणीव चित्रपटाला स्थानिक आशय देते.

झोंबीपटाचे बळ झुंडीच्या संख्येत वा विध्वंसाच्या विस्तारात नसून प्रेक्षकाच्या ओळखीच्या जागेत आहे. आगगाडीचा डबा किंवा इमारतीचा जिना यांसारख्या ठिकाणी कोणाला आत घ्यावयाचे व कोणाला बाहेर ठेवावयाचे, हा निर्णय प्रेक्षकाला आपलाच वाटतो. ‘पेनिन्सुला’तील उणिवेवरून व ‘झोंबिवली’तील आशयावरून हेच स्पष्ट होते.