शेगडी आणि गोधडी

पौष-माघांत नांदेड-लातूरकडे पहांटेचा गारठा पडला, कीं आपण गोधडी अंगावर ओढतों. गोधडी स्वतः उष्णता उत्पन्न करीत नाहीं. जुन्या लुगड्यांच्या थरांत कोंडलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असल्यामुळें अंगाची ऊब अंगाशींच राहते. धनगरी घोंगडीचें मर्मही हेंच.

जपानांत हीच युक्ति एका बसक्या मेजास लाविली आहे. त्यास ‘कोतात्सु’ म्हणतात. मेजावरून जाड रजई जमिनीपर्यंत सोडावयाची, खालीं निखारे ठेवावयाचे, आणि घरच्या सर्वांनीं आंत पाय घालून बसावयाचें. आतां निखाऱ्यांच्या जागीं बहुधा विजेची शेगडी असते, आणि तेंच बरें. कारण कोंदट जागेंत कोळसा अपुरा जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील प्राणवायूची जागा तो बळकावितो, आणि निजलेल्या माणसास कळतही नाहीं.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलींत शेगडी ठेवून, वारा लागूं नये म्हणून दारें-खिडक्या लावितात. घात होतो तो येथेंच. गोधडीस कोंडलेली हवा हवी, शेगडीस खेळती. म्हणून शेगडी असेतों एक खिडकी उघडी असावी, व निजण्यापूर्वीं शेगडी अंगणांत न्यावी. विद्यार्थ्यांनीं हें घरीं आजी-आईस अवश्य सांगावें.