स्कोपच्या आधी सिरीज बल्ब

बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा तपकीर गल्लीत, रेझिस्टर-कपॅसिटर घ्यायला आलेली कॉलेजची मुलं दुकानातल्या ऑसिलोस्कोपपाशी थबकतात. "काका, घरी कामाला हाच घेऊ ना?" असं कुणी विचारलं की मी आधी सिरीज बोर्ड करायला सांगतो. लाकडी फळी, होल्डर, सॉकेट, स्विच आणि 60 वॅटचा तारेचा बल्ब, एवढंच सामान. फेज स्विचमधून बल्बला आणि बल्बमधून सॉकेटला न्यायची.

दुरुस्त केलेला ॲडॅप्टर मी थेट भिंतीतल्या प्लगला कधीच लावत नाही. सिरीज बोर्डावर लावला की बल्ब क्षणभर उजळतो, कारण आतला मोठा कपॅसिटर भरत असतो. मग तार लालसर होऊन विझते. विझली, तर पुढचं काम करायचं. बल्ब पेटलेलाच राहिला, तर आत अजून शॉर्ट आहे. 230 व्होल्टवर 60 वॅटचा बल्ब जेमतेम पाव ॲम्पियर जाऊ देतो, म्हणून नवा घातलेला मॉसफेट सहसा वाचतो. तार थंड असताना तिचा रोध फार कमी असतो आणि तापली की कितीतरी पट वाढतो. सगळी करामत त्यात आहे. एलईडी बल्ब इथे चालत नाही. तारेचे बल्ब दुर्मिळ होत चाललेत, दिसले की दोन जास्तीचे घेऊन ठेवावेत.

मात्र बल्ब शॉकपासून वाचवत नाही. कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात. ते उतरलेत की नाही, हे मीटरनेच बघायचं.

मीटरवर मात्र पैसे वाचवू नयेत. स्वस्त पिवळ्या मीटरच्या 10 ॲम्पियरच्या सॉकेटशेजारी 'अनफ्यूज्ड' छापलेलं असतं, म्हणजे तिथे फ्यूजच नाही. असा मीटर बॅटरीच्या कामाला ठीक, मेन्सवर मी तो लावत नाही. नाशिकच्या मोटवाने किंवा ऋषभसारख्या कंपन्यांचे मीटर बघावेत, कॅट थ्री लिहिलेलं आहे का ते वाचावं. दुकानातच सेल घालून प्रोब एकमेकांना टेकवावेत. बझर लगेच वाजला पाहिजे, आणि वायर हलवल्यावर तुटक वाजता कामा नये.

करंट लिमिट असलेला 30 व्होल्टचा पॉवर सप्लाय त्यानंतर. कमी व्होल्टेजच्या सर्किटला तो सिरीज बल्बासारखाच सांभाळून घेतो.

स्कोप या सगळ्यानंतर. त्याची गरज कधी पडते? राउटर सारखा रीस्टार्ट होतो, ॲडॅप्टरवर मीटर नीट 12 व्होल्ट दाखवतो, आणि स्कोपवर बघावं तर त्या 12 व्होल्टवर मोठा रिपल नाचत असतो. आउटपुटचा कपॅसिटर सुकलेला असतो. हे मीटरला दिसत नाही.

पण स्कोपच्या प्रोबची अर्थ क्लिप थेट घरच्या अर्थिंगला जोडलेली असते. ॲडॅप्टरच्या मेन्सकडच्या बाजूला ती लावली की स्फोट ठरलेला. त्यावर तोडगा म्हणून काही जण स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढतात. तसं केल्यावर क्लिपचा लाइव्ह व्होल्टेज स्कोपच्या धातूच्या भागांवर येतो आणि हात तर त्याच्या बटणांवरच असतो. पिन जागेवर राहू द्यावी, तपासायची वस्तू आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर चालवावी, आणि तो नसेल तोवर प्रोब आउटपुटच्या बाजूलाच ठेवावा.