नागझिऱ्याचा हंसराज समुद्रापार गेला, पिशवीवाले मात्र अलीकडे आले नाहीत

पावसाळ्याची सुट्टी संपली, 1 ऑक्टोबरला नागझिऱ्याची फाटकं उघडली आणि गप्पा पुन्हा वाघांवर आल्या. वाघाचं कौतुक होत राहीलच. मला सांगायचं आहे ते ओढ्याकाठच्या हंसराजाबद्दल आणि ऑस्ट्रेलियातल्या शुगर ग्लायडरबद्दल. एक नेचा, दुसरा पोटाला पिशवी असलेला मूठभर प्राणी. तुलना विचित्र वाटेल, पण आपल्या जंगलात काय आहे आणि काय नाही, याचं उत्तर तिच्यातच आहे.

हंसराजाचा देठ काळा, तुकतुकीत. पान उलटून पाहा: कडा आत दुमडलेली असते, तिच्याखाली बीजाणूंच्या बारीक पिशव्या. हवा कोरडी झाली की पिशवीच्या कडेच्या पेशींतलं पाणी आटतं, कडा मागे ताणली जाते आणि एका झटक्यात परत येताना बीजाणू भिरकावते. पुढचं काम वाऱ्याचं. शिवाय पानाचं टोक जमिनीला टेकलं की तिथेच मुळं धरतं आणि नवं रोप उभं राहतं. हाच हंसराज आफ्रिकेत आहे, उत्तर ऑस्ट्रेलियातही आहे.

शुगर ग्लायडरला हे जमण्यासारखं नव्हतं. जेमतेम 16 दिवसांत त्याचं पिल्लू जन्मतं आणि पुढचे दोन महिने आईच्या पिशवीत वाढतं. पिशवीवाल्यांची आशियाकडची धाव सुलावेसीपाशी थांबली. हिमयुगात समुद्र खाली गेला तरी तिथला खोल पट्टा आटला नाही.

आपल्याकडे झाडावरून झाडावर तरंगते ती उडती खार. तिचं ग्लायडरशी जवळचं नातं नाही. खारीचा पडदा मनगटापासून घोट्यापर्यंत, ग्लायडरचा करंगळीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. दोन वेगळ्या घराण्यांनी एकच युक्ती स्वतंत्रपणे शोधली, यापेक्षा थरारक काही मला तरी माहीत नाही. म्हणूनच हौसेपायी ग्लायडर पिंजऱ्यात पाळणं मला पटत नाही. रात्री 50 मीटर तरंगू शकणाऱ्या जिवाला दोन फुटांची जाळी कशी पुरेल?

दिवाळीनंतर हंसराज सुकायला लागतो, म्हणून घाई. चोरखमारा आणि पिटेझरीच्या फाटकांवर वाघाच्या माहितीशेजारी त्याचंही चित्र लागावं, गाईडना नेचे ओळखायला शिकवावं. आणि जंगलालगतच्या गावांत ढोली पडलेला जुना मोह निकामी म्हणून तोडू नये. उडती खार राहते ती अशाच ढोलीत.