अर्जदारांनी घडवलेला सम्राटांचा कायदा

इ.स. २८५ मध्ये ऑरेलियस ल्यूपस नावाच्या माणसाच्या अर्जावर सम्राट डायोक्लिशियनच्या नावाने एक उत्तर निघालं. प्रश्न फार कमी भावात विकल्या गेलेल्या जमिनीचा होता. खऱ्या किमतीच्या निम्मीही रक्कम मिळाली नसेल, तर पैसे परत करून जमीन माघारी घ्यावी. घेणाऱ्याला जमीन सोडायची नसेल, तर त्याने उरलेली किंमत भरावी, असा तो निवाडा. अडीअडचणीत मातीमोल भावाने जमीन विकलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

अशी शेकडो उत्तरं टिकली आहेत. अर्जदारांत सैनिक, स्त्रिया, कधी गुलामही असत. उत्तरं लिहिणारे कचेरीतले कायदेपंडित होते. वारसा, हुंडा, कर्ज, गहाण अशा घरोघरच्या कज्ज्यांतूनच रोमन दिवाणी कायद्याला बळ आलं. डायोक्लिशियनच्याच काळात ग्रेगोरियस आणि हर्मोजेनियन यांनी ही उत्तरं संहितांमध्ये एकत्र केली.

तरी कायद्यातला गोंधळ मिटेना. जुन्या पंडितांची मतं परस्परांना छेद देत. म्हणून ४२६ मध्ये फर्मान निघालं: पाचच पंडितांची मतं प्रमाण मानावीत, बहुमत धरावं आणि मतं समसमान पडली तर त्यांतल्या पॅपिनियनचं मानावं. पॅपिनियनला जाऊन तेव्हा दोनशेहून अधिक वर्षं झाली होती. ४३८ मध्ये सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने सम्राट कॉन्स्टंटाइनपासूनचे आदेश सोळा खंडांत आणले.

खरा डोंगर उपसला तो सम्राट ज्युस्टिनियनच्या माणसांनी. ५३० च्या डिसेंबरात त्याचा कायदामंत्री ट्रिबोनियन याच्या मंडळाने पंडितांचे जुने ग्रंथ हाती घेतले. सुमारे दोन हजार ग्रंथांतल्या तीस लाख ओळींमधून त्यांनी दीड लाख ओळी निवडल्या. मध्येच, ५३२ च्या जानेवारीत, राजधानी कॉन्स्टंटिनोपल दंगलीत पेटली. जमावाच्या मागणीवरून सम्राटाने ट्रिबोनियनला पदावरून काढलं, पण संहितेचं काम थांबलं नाही. ५३३ मध्ये निवडक उताऱ्यांचा हा पन्नास खंडांचा संग्रह, ‘डायजेस्ट’, जाहीर झाला. प्रत्येक उताऱ्यावर मूळ लेखकाचं आणि ग्रंथाचं नाव कायम ठेवलं, ही त्या मंडळाची मोठीच कृपा. कारण मूळ ग्रंथ पुढे बहुतेक नष्ट झाले.

आता यावर कुणी भाष्य लिहू नये, असं ज्युस्टिनियनने बजावलं. पण लोकांचे प्रश्न संपले नव्हते. त्याला स्वतःलाच पुढे दीडशेच्या आसपास नवे आदेश काढावे लागले, तेही बहुतेक ग्रीकमध्ये, कारण पूर्वेकडची प्रजा तीच भाषा बोलत होती. ५४३ च्या अशाच एका आदेशाने मृत्युपत्राविना वारलेल्या माणसाच्या वारशात पुरुषांकडून जुळणाऱ्या नात्याचा जुना अग्रहक्क संपला. आईकडचं रक्ताचं नातं वडिलांकडच्या नात्याइतकंच धरलं जाऊ लागलं.