घरफोडी व वाहनलूट

दुसऱ्याच्या ताब्यातील घरात किंवा मालमत्ता ठेवण्याच्या जागेत, गुन्हा करण्याच्या अथवा ताबेदारास त्रास देण्याच्या हेतूने, कायद्याने सांगितलेल्या विशिष्ट मार्गांनी शिरणे वा तेथून बाहेर पडणे म्हणजे घरफोडी. वाहनलूट म्हणजे चालकास धाक दाखवून, मारहाण करून किंवा अडवून ठेवून त्याच्या ताब्यातील वाहन हिरावून नेणे. या दोन्ही गुन्ह्यांत मालाच्या हानीबरोबरच माणसाच्या सुरक्षिततेच्या भावनेवर आघात होतो. त्यामुळे साध्या चोरीहून त्यांना अधिक शिक्षा असावी, हे तत्त्व बहुतेक विधिपद्धतींनी मान्य केले आहे. ‘कायदा आणखी कडक करा’ ही मागणीही याच गुन्ह्यांच्या संदर्भात वारंवार होते. तिचा विचार करण्यापूर्वी प्रचलित कायदा कितपत कडक आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

इतिहास : प्राचीन भारतीय विधिग्रंथांत भिंत फोडून चोरी करण्यास ‘संधिच्छेद’ म्हणत. रात्री भिंत फोडून चोरी करणाऱ्यांचे हात तोडून त्यांना सुळावर द्यावे, असे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकातील शर्विलक हा तर भिंतीला कोणत्या आकाराचे भगदाड पाडावे याचा शास्त्रोक्त विचार करतो व मोजमापासाठी जानव्याचा उपयोग करतो. शिक्षेइतकेच महत्त्व जुन्या विधीने जबाबदारीला दिले होते. चोराचा माग गावाबाहेर गेल्याचे दिसले नाही, तर दोष गावाच्या अधिपतीकडे जातो, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम आहे. मराठेशाहीच्या काळातही हीच कल्पना व्यवहारात होती. महार, रामोशी, भिल्ल इ. जागले पावलांचा माग काढीत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जात आणि माग तेथील रखवालदारांच्या हवाली करीत. ज्या गावात माग थांबे, त्या गावावर भरपाईचा भार येई. या कामाबद्दल जागल्यांना बलुते व इतर हक्क मिळत.

ही व्यवस्था मोडली म्हणजे काय होते, याचे उदाहरण सोयगावच्या परिसरात सापडते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील सोयगाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसले आहे व त्याच्या तालुक्याची सीमा जळगाव जिल्ह्यास लागून आहे. ब्रिटिश अंमलात ही केवळ जिल्ह्याची सीमा नव्हती; डोंगराच्या एका बाजूस निजामाचे राज्य, तर दुसऱ्या बाजूस १८१८ मध्ये ब्रिटिशांकडे आलेला खानदेश होता. एका हद्दीत लूट करून दुसऱ्या हद्दीत गेलेल्या टोळीचा पाठलाग शिवेवर थांबे. या डोंगरांतील भिल्ल हे पूर्वी गावांचे जागले आणि घाटवाटांचे रखवालदार होते. परंतु उत्तर पेशवाईतील धामधूम, १८०३–०४ चा दुष्काळ व हक्क बुडणे यांमुळे त्यांतील अनेकांची उपजीविका लुटीवर येऊन ठेपली. ब्रिटिशांनी प्रथम लष्करी मोहिमा काढून व कठोर शिक्षा देऊन पाहिल्या. पण त्यांचा टिकाऊ परिणाम झाला नाही. १८२५ मध्ये धोरण बदलले. कन्नड येथे एक भिल्ल एजन्सी स्थापन झाली आणि तिच्याद्वारे या डोंगरांतील लोकांना जमिनी, तगाई व रखवालीचे जुने हक्क देण्याचा उपक्रम सुरू झाला. जेम्स औट्रम याने त्याच वर्षी भिल्ल पलटण उभारली. यानंतर लुटीचे प्रमाण बरेच घटले. कडक शासन आणि उपजीविकेची हमी यांपैकी एकट्या पहिल्याने भागत नाही, हा या प्रयोगाचा निष्कर्ष होय.

पुढील काळात मात्र हा धडा विसरला गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. १९११ च्या अधिनियमाने त्याची व्याप्ती वाढली. पारधी, कैकाडी, भामटा इ. समाजांना हजेरी, तारेच्या कुंपणातील वसाहती आणि संशय यांना तोंड द्यावे लागले. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये आणि संपूर्ण देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. जमातीऐवजी व्यक्तीच्या सिद्ध गुन्ह्यांकडे पाहणारा सराईत गुन्हेगारांसंबंधीचा कायदा मुंबई राज्यात १९५९ मध्ये झाला. तथापि गावात घरफोडी झाली की प्रथम पालावर जाण्याची सवय कायदा गेल्यावरही राहिली. हैदराबाद राज्याच्या विलीनीकरणानंतर १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंड संहिता मराठवाड्यास लागू झाली व डोंगराच्या दोन्ही बाजूंना एकच फौजदारी कायदा आला.

घरफोडीचे घटक : १८६० च्या भारतीय दंड संहितेतील व्याख्या १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत (कलम ३३०) जवळजवळ तशीच ठेवली आहे. तीनुसार घरफोडीचे सहा प्रकार होतात : (१) स्वतः वा साथीदाराने पाडलेल्या वाटेने शिरणे, (२) माणसांच्या ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने किंवा भिंत चढून शिरणे, (३) घरमालकास अभिप्रेत नसलेल्या रीतीने वाट उघडून शिरणे, (४) कुलूप उघडून शिरणे, (५) बळजबरी, हल्ला किंवा हल्ल्याची धमकी यांच्या साहाय्याने शिरणे, (६) बंद केलेले दार उघडून शिरणे. शरीराचा कोणताही भाग आत गेला तरी प्रवेश पूर्ण होतो. भोकातून नुसता हात घातला तरी पुरे. मालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडले, तर तीही घरफोडीच. मातीच्या भिंती व धाब्याची घरे यांच्या काळात पहारीने भगदाड पाडणे ही प्रमुख रीत होती; आता कडी-कोयंडा तोडणे किंवा खिडकीचे गज वाकविणे या रीती अधिक आढळतात. व्याख्येत या सर्वांचा समावेश होतो.

शिक्षा : शिक्षेची श्रेणी वेळ, हेतू आणि हिंसा या तीन गोष्टींवर ठरते (कलम ३३१). साध्या घरफोडीस २ वर्षांपर्यंत, तर सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीस ३ वर्षांपर्यंत कैद आहे. चोरीच्या हेतूने दिवसा केलेल्या घरफोडीस १० वर्षांपर्यंत, तर रात्रीच्या घरफोडीस १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरफोडी करताना जबर दुखापत केल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. या मर्यादा १८६० मध्येच निश्चित झाल्या होत्या. नव्या संहितेने त्या वाढविल्या नाहीत. त्यांना वाढविण्यास फारसा वावही नव्हता.

वाहनलूट : वाहनलुटीस भारतीय कायद्यात स्वतंत्र नाव नाही. उभे वाहन कोणाच्या नकळत नेल्यास ती चोरी होय. माल वा प्रवासी वाहतुकीच्या साधनाच्या चोरीस कलम ३०५ खाली ७ वर्षांपर्यंत कैद आहे. चालकास इजा केली, अडविले किंवा तत्काळ इजेची भीती घातली, की तीच कृती ‘जबरी चोरी’ बनते आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते. समजा, अजिंठा घाट उतरून फर्दापूरकडे येणारी मालमोटार रात्री अडवून पळविली. हा गुन्हा हमरस्त्यावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घडल्याने कमाल शिक्षा १४ वर्षे होते (कलम ३०९). लुटणारे पाच वा अधिक असल्यास तो दरोडा ठरतो व जन्मठेप होऊ शकते. अमेरिकेच्या संघराज्यात १९९२ मध्ये वाहनलुटीसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यातील मूळ कमाल शिक्षाही १५ वर्षांची आहे.

कडक कायद्याची मागणी : महाराष्ट्रात टोळ्यांच्या गुन्ह्यांसाठी संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम १९९९ मध्ये झाला. त्यात किमान ५ वर्षे कैद व ५ लाख रुपये दंड आहे. मात्र मागील दहा वर्षांत टोळीविरुद्ध एकाहून अधिक दोषारोपपत्रे न्यायालयात दाखल झालेली असावी लागतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ ने संघटित गुन्ह्यांत जबरी चोरी व वाहनचोरी यांचा उल्लेख केला. कलम ११२ ने टोळीतील व्यक्तीने केलेल्या घरातील वा वाहनातील चोरीस १ ते ७ वर्षे कैद ठरविली. इंग्लंडमध्ये १९९७ च्या कायद्याने राहत्या घराच्या तिसऱ्या घरफोडीस सामान्यतः किमान ३ वर्षे कैद ठरविली; त्याच देशात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत रात्रीच्या घरफोडीस देहान्त शिक्षा होती आणि तरीही घरफोड्या होतच होत्या.

संहितेतील कमाल शिक्षा आणि प्रत्यक्ष शिक्षा यांतील अंतर समजून घेण्यासाठी एक बाब पुरेशी आहे. रात्रीची घरफोडी व जबरी चोरी यांचे खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतात आणि त्याला ३ वर्षांहून अधिक कैद देता येत नाही. अधिक शिक्षा योग्य वाटल्यास त्याने प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाचे असते. त्याची मर्यादा ७ वर्षांची आहे. म्हणजे १४ हा आकडा २० केला, तरी तालुक्याच्या न्यायालयात काहीही बदलत नाही. इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारिया याने १७६४ मध्ये मांडलेले मत येथे लागू पडते : गुन्ह्यास आळा घालण्यात शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिच्या अटळपणाचा वाटा मोठा असतो.

शोध व पुरावा : घरफोडीस बहुधा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसतो, म्हणून खरा प्रश्न पुराव्याचा आहे. बोटांच्या ठशांचे कार्यालय कलकत्त्यात १८९७ मध्ये स्थापन झाले. पुढच्याच वर्षी जलपैगुडीच्या खटल्यात पंचांगावरील ठशामुळे आरोपी चोरीबद्दल दोषी ठरला. त्याच घटनेतील खुनाच्या आरोपातून मात्र तो सुटला. पुरावा जितका तितकीच शिक्षा, या तत्त्वाचे हे उत्तम उदाहरण होय. चोरीचा माल चोरीनंतर थोड्याच काळात ज्याच्याकडे सापडतो व जो त्याचा खुलासा देऊ शकत नाही, तो चोर किंवा जाणूनबुजून माल घेणारा आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. परंतु दागिने वितळविले किंवा वाहनाचे सुटे भाग विकले की ओळखच नष्ट होते. म्हणून चोरीचा माल सवयीने घेणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली आहे (कलम ३१७). घरफोडीचा व्यवसाय या खरेदीदारावर चालतो.

या दृष्टीने शिक्षावाढीपेक्षा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कार्यपद्धतीचे बदल अधिक महत्त्वाचे आहेत. ७ वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसाहाय्यक तज्ञाने घटनास्थळास भेट देऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद कलम १७६ मध्ये आहे. राज्य शासन पाच वर्षांच्या मुदतीत अधिसूचित करील त्या दिनांकापासून ती बंधनकारक होते. चोरीच्या हेतूने केलेली घरफोडी या वर्गात मोडते. झडती व जप्तीचे चित्रीकरण करणे आवश्यक झाले आहे. यामुळे खरा पुरावा टिकतो, तसेच खोट्या जप्तीपासून निरपराध्याचे रक्षण होते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी फिर्याद जवळच्या ठाण्यात नोंदविता येते (कलम १७३); डोंगराच्या शिवेवर थांबणारा जुना माग यामुळे कायद्यापुरता तरी पुढे चालू शकतो. परंतु तज्ञ वेळेवर न पोहोचल्यास आणि तोवर घरच्यांनी व शेजाऱ्यांनी सामानाची हाताळणी केल्यास ही तरतूद कागदावर राहते.

स्वसंरक्षण : सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातील घरफोडी व जबरी चोरी यांविरुद्ध मालमत्तेच्या संरक्षणाचा हक्क प्रसंगी हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंत जातो (कलम ४१). मात्र बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरता येते आणि प्रवेश चालू आहे तोवरच हा हक्क असतो. पळणाऱ्या किंवा पकडून बांधलेल्या माणसास जमावाने मारणे हे स्वसंरक्षण नसून गुन्हा आहे. चोरांच्या अफवेवरून अनोळखी भटक्यांवर झालेल्या हल्ल्यांत निरपराध माणसे बळी पडली आहेत. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण मुले पळविणारे समजून मारले गेले. संशयालाच पुरावा मानण्याचा हा परिणाम होय.

प्रतिबंध : महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खालील पोलीस पाटील आणि १९५१ च्या पोलीस अधिनियमाखालील ग्रामरक्षक दले हे जागल्याच्या संस्थेचे आधुनिक अवशेष होत. कापसाचा पैसा घरात येण्याचा हंगाम आणि कामासाठी कुटुंबे बाहेरगावी गेल्याने कुलूपबंद राहणारी घरे या गोष्टी पोलीस ठाण्यापेक्षा गावास अधिक माहीत असतात. रात्रीची गस्त, दागिन्यांच्या पावत्या व छायाचित्रे, वाहनाच्या सांगाड्याचा व यंत्राचा क्रमांक यांची नोंद हे उपाय साधे आहेत. मालाची ओळख पटणे व तो परत मिळणे बहुतांशी त्यांवर अवलंबून असते. घरफोडीविरुद्धचा कायदा भारतात १८६० पासून कठोरच आहे. उणीव आहे ती शोध, पुरावा आणि वेळेवर निकाल यांची; आणि ही उणीव शिक्षेचा आकडा वाढवून भरून निघत नाही.