एका कागदात मावणारी घरं

मासाहिरो चातानी टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत वास्तुरचना शिकवायचे. १९८०च्या सुमारास ते घरच्यांना आणि मित्रांना देण्यासाठी हातानं शुभेच्छापत्रं करू लागले. पत्र उघडलं की आतून काहीतरी उभं राहायचं. त्यांचा जन्म १९३४चा, हिरोशिमातला. घडी घालण्याची ओरिगामी आणि कापण्याची किरिगामी हा जपानी वारसा; त्यात नकाशे काढून बसलेला हात. यातून ‘ओरिगामिक आर्किटेक्चर’ जन्माला आलं.

त्यातली सगळ्यात साधी पायरी मी अजूनही करते. पांढऱ्या कार्डशीटवर मधोमध आडवी रेघ. तिला छेदणारे दोन उभे काप, रेघेच्या वर ३ सेंटीमीटर, खाली २. कापांच्या दोन्ही टोकांना आतल्या घड्या, आणि वरच्या टोकापासून २ सेंटीमीटरवर एक बाहेरची. मधली रेघ फक्त कापांच्या बाहेर दुमडायची. पहिल्यांदा मी पट्टीही मधल्या रेघेवरच दुमडली आणि पायरी तिरपी उभी राहिली. नेमकं मोजलं की कार्ड काटकोनात उघडताच ३ सेंटीमीटर उंच, २ खोल पायरी पुढे येते. डिंक नाही, जोड नाही. मागे तेवढीच खिडकी मोकळी राहते. घर आणि घराची पोकळी एकाच कागदाची, हे पाहताना मी आजही थबकते.

अशाच पायऱ्या एकीवर एक चढवत चातानींनी इमारती उभ्या केल्या. केइको नाकाझावा यांची साथ होती, ताकाआकी किहारा यांचीही. सुमारे तीन दशकांत पन्नासहून जास्त पुस्तकं आली. कागद कापता कापता मुलांना भूमिती आणि वास्तुकला कळेल, अशी चातानींची खात्री होती. मला ती पटते. उंची आणि खोली यांचं नातं फळ्यावर समजलं नव्हतं, ते बोटांना समजलं.

निवृत्तीनंतरही ते प्रदर्शनं घेऊन फिरत राहिले. नोव्हेंबर २००८मध्ये ते गेले. आता हे काप लेझरनं क्षणात आणि बिनचूक होतात. तरी मी ब्लेड आणि लोखंडी पट्टीच घेते.

चातानींचा कागद बहुधा पांढराच असे. रंग सावलीनं भरायचा. माझं कार्डही संध्याकाळी खिडकीत ठेवलं की पायऱ्यांच्या सावल्या हळूहळू लांबत जातात. मग ते मिटून पाकिटात घालते. कागद पुन्हा सपाट.