मोकळ्या जमिनीचे मोल

चंदीगडहून अंबाल्याकडे जाताना झिरकपूर कोठे सुरू होते, हे आता उमगत नाही. इमारतींची रांग तुटतच नाही. वस्तुतः १९५२ च्या परिसर नियंत्रण कायद्याने नव्या राजधानीभोवती पाच मैलांचा पट्टा अनिर्बंध बांधकामापासून राखला होता. १९६२ मध्ये तो दहा मैलांचा झाला. झिरकपूर त्याच पट्ट्यातले. १९६६ च्या पुनर्रचनेत पट्टा पंजाब, हरियाणा आणि चंदीगड यांच्यात विभागला गेला आणि त्याला एक धनी उरला नाही.

माझ्या मते मूळ उणीव अंमलबजावणीपेक्षा खोल होती. मोकळी हवा शहराला हवी होती. तिचा भार मात्र शेतकऱ्याने वाहायचा होता. जमीन राखल्याबद्दल त्याला काहीच मिळत नव्हते. त्याने ती विकली, तर दोष एकट्या त्याचा कसा?

अमेरिकेत यावर ‘संवर्धन सुविधाधिकार’ हा मार्ग आहे. मालकी आणि नांगर शेतकऱ्याकडेच राहतात. बांधकामाचा हक्क तो मोबदला वा करसवलत घेऊन सोडतो. हे बंधन पुढील खरेदीदारालाही लागू असते. मुंबईकरांच्या परिचयाचा टीडीआर याच्याच जवळचा: एका जागी सोडलेला विकासहक्क दुसरीकडे वापरता येतो.

झिरकपुरातून वाहणारा सुखना चो पुढे घग्गरला मिळतो. जुलै २०२३ च्या पुरात त्याच्या काठचा बलटाणा पाण्याखाली गेला. काठालगत उरलेल्या शेतांपासूनच असा करार सुरू करावा. नुसत्या मनाईने जमीन मोकळी राहत नाही. राखणाऱ्याला तिचे मोल मिळावे लागते.